डोंगर, गिधाडे आणि आमची मुले

नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात जी सहा आहेत, त्यांपैकी उंच डोंगररांगांतली म्हणावीत अशी सह्याद्रीतील चांदोली आणि सातपुड्यातील गुगामल ही आपल्यापासून बरीच दूर आहेत. तरीही डोंगरातील पाखरे आणि वन्य जीव पाहायला नाशिककराला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या उत्तरेस बोरगड उभा आहे. २००८ साली तो महाराष्ट्रातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरीला २०१७ साली तोच दर्जा मिळाला. इगतपुरीच्या पलीकडे, अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. डोंगर उतरून सपाटीवर आले की निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याच्या फुगवट्यात, नांदूरमध्यमेश्वर आहे. राज्यातील पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याचे नाव देशभर झाले. एका जिल्ह्याच्या अंगणात एवढे वैभव असणे ही साधी गोष्ट नव्हे.

गेल्या काही वर्षांत या डोंगरांकडे पाहणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी अंजनेरीच्या पायथ्याशी मोटारींच्या रांगा लागतात. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यांवर लांब भिंगांच्या कॅमेऱ्यांची दाटी होते. ही आवड वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. माणसाने पाखराकडे मान वर करून पाहावे यात वाईट ते काय? परंतु या पाहण्यात डोंगरातल्या मुलाचे स्थान कोणते, हा प्रश्न या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावा असे आम्हांला वाटते. कारण आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुले तिकडूनच येतात. पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण, इगतपुरी या भागांतील कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल घरांची मुले, आणि त्यांच्याबरोबर गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील बौद्ध घरांची मुले. शहरी पाहुण्याच्या डोंगरभेटीत अशा मुलाला आज तीनच जागा मिळतात. तो पाण्याच्या बाटल्या वाहतो, नाहीतर वाट दाखवतो, नाहीतर हातात बेचकी सापडली म्हणून गुन्हेगार ठरतो. पाहणाऱ्याची आणि पाहिलेले लिहून ठेवणाऱ्याची जागा त्याला कोणी देऊ करीत नाही. ती मिळवून देणे हे निवासी शाळेचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाचवीत दाखल होणारे मूल काय काय जाणून येते, याची नोंद प्रवेशअर्जात होत नाही. जन्मतारीख, जात, उत्पन्नाचा दाखला, लसीकरण, सारे काही विचारले जाते. मात्र रातवा संध्याकाळी कोणत्या वाटेवर बसतो, लाव्ह्याची अंडी कोणत्या गवतात सापडतात, सातभाईंचा गलका कशाला पाहून झाला म्हणजे साप असतो आणि कशाला पाहून झाला म्हणजे शिक्रा असतो, हे त्या दहा वर्षांच्या डोक्यात असते आणि त्याला कोणी विचारीत नाही. दहावी होईपर्यंत त्यातले बरेचसे विसरले जाते. ही विस्मृती आपोआप घडत नसते. ज्या ज्ञानाला गुण नाहीत ते ज्ञान नव्हेच, हे शाळा रोज, न बोलता, शिकवीत असते.

पावश्याचे उदाहरण घ्यावे. मृगाच्या आधी तो ओरडू लागतो तेव्हा मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ऐकू येते. हिंदी मुलखात तोच आवाज ‘पी कहाँ’ होतो, म्हणजे विरहिणीचा प्रश्न. बंगालमध्ये ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असा आक्रोश त्यात ऐकतात. आणि उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबाने त्याचे नावच ‘ब्रेन फीव्हर बर्ड’ ठेवून दिले. पाखरू एकच, सूर तेच. परंतु ज्याच्या घरी बियाणे तयार ठेवलेले असते त्याला ते पेरणीचे बोल वाटतात. हा केवळ गमतीचा भाग नाही. पाखराचे नाव आणि त्याच्या आवाजाचा अर्थ यांत त्या माणसांच्या जगण्याची नोंद असते. भारद्वाजाला कोठे कुंभार कावळा म्हणतात, कोठे सोनकावळा, कोठे कुक्कुडकोंबा. उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने ‘कुंभार कावळा’ लिहिले तर त्यावर फुली मारणारा शिक्षक त्या मुलाच्या आजीचेच उत्तर चूक ठरवीत असतो. प्रमाण नाव शिकवलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते घरच्या नावाच्या शेजारी लिहून शिकवावे; घरचे नाव खोडून त्याच्या जागी नव्हे.

मराठीत हे काम एका वनाधिकाऱ्याने जन्मभर केले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत कर्नाळा, नवेगाव बांध, मेळघाट अशा ठिकाणी राहिले आणि जिथे राहिले तिथल्या माणसांपाशी बसून पाखरांची, झाडांची, प्राण्यांच्या सवयींची नावे त्यांनी टिपून घेतली. नवेगाव बांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांना ते आपल्या गुरूच्या ठिकाणी मानीत. आदिवासी, धीवर, पारधी यांच्या तोंडची शब्दसंपत्ती त्यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. त्यांचा ‘पक्षिकोश’ त्यातूनच उभा राहिला. २०२५ साली ते गेले. त्यांच्यासारखा दुसरा माणूस केव्हा होईल याची वाट पाहण्यापेक्षा, त्यांनी ज्या घरांतून शब्द वेचले त्याच घरांतील मुले आज आपल्या वर्गात बसली आहेत हे लक्षात घेणे अधिक उपयोगाचे. त्यांना शब्द वेचायला कोठे जावे लागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की पुरे.

पाहिलेले लिहिले गेले नाही म्हणजे काय होते, याची एक कथा आपल्या शेजारच्याच मुलखात घडली आहे. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. शास्त्राला ते १८७३ साली कळले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना कोणा संग्राहकाला मिळाला नाही. कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचे लिहून ठेवले होते, म्हणून पुढचा शोध तिकडेच चालू राहिला आणि तो व्यर्थ गेला. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघडकीस आले की तो दुसऱ्याने जमवलेला जुनाच नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. मग जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला गेला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षे जगाने त्याला जवळजवळ नामशेष मानले होते. वास्तविक तो तिथेच होता, आणि त्या झाडांखालून भिल्ल, पावरा माणसे रोज गुरे घेऊन जात होती. रानपिंगळा इतर घुबडांसारखा केवळ रात्री फिरणारा नाही. तो दिवसाही उघड्यावर दिसतो. म्हणजे तो त्यांना दिसत नव्हता असे मानायला काही आधार नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांच्यापाशी वही-पेन्सिल नव्हती, एवढेच. एका लबाड साहेबाच्या एका चिठ्ठीवर विद्वानांनी ऐंशी वर्षे विश्वास ठेवला आणि गुराख्याच्या डोळ्यांवर एक दिवसही ठेवला नाही. निवासी शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक गुराख्याच्या मुलाला ही कथा माहीत असली पाहिजे.

आता बेचकीविषयी. डोंगरातून आलेल्या मुलाच्या पेटीत बेचकी निघते, हे वसतिगृहाच्या अधीक्षकांना नवे नाही. ती काढून घेतली पाहिजे यात शंका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरू मारणे गुन्हा आहे आणि आमच्या शाळेच्या पंचशीलातील पहिलेच शील काय सांगते ते येथे सांगण्याची गरज नाही. प्रश्न इतकाच की काढून घेतल्यावर त्या हाती काय द्यायचे. सालिम अली लहान असताना, १९०८ च्या सुमारास, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला मामांची चिठ्ठी घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले चिटणीस मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलून दिले नाही की उपदेशही केला नाही. संग्रहाचे कप्पे उघडून भरून ठेवलेली पाखरे एकामागून एक दाखवली. त्या दुपारी भारताच्या पक्षिशास्त्राचा पाया घातला गेला असे म्हणतात ते उगीच नव्हे. ज्याचा नेम अचूक त्याची नजर अचूक असते. पान हलले की पाखरू कोठे आहे हे त्याला आधी कळते. अशा मुलाला छडी देऊन आपण गुन्हा थांबवतो आणि नजरही घालवतो. त्याच्या हाती दुर्बीण द्यावी, आणि पहिल्या महिन्यात तरी त्याच्याकडून काही अपेक्षा करू नये.

इथपर्यंत मुलांविषयी बोललो. डोंगर पाहण्याच्या रीतीविषयीही बोलायला हवे, कारण आज ज्या रीतीने तो पाहिला जातो ती रीत आमच्या मुलांनी उचलावी अशी नाही. भंडारदऱ्याच्या परिसरात मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांनी झाडे लखलखतात. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एकाच तालात उजळतात आणि विझतात, ते दृश्य ज्याने पाहिले तो विसरत नाही. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. त्यांचे प्रौढ आयुष्य काही दिवसांचे. त्या थोड्या रात्रींत त्या झाडांखाली मोटारींचे दिवे, मोबाइलचे दिवे, गाणी आणि पायाखाली तुडवले जाणारे गवत! जोड्या जमल्या नाहीत तर पुढच्या वर्षीचे काजवे कोठून येणार? या उत्सवातून गावकऱ्यांना पैसा मिळतो हे खरे आहे आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु ज्या झाडावर गाव जगायचे तेच झाड अंधारात गेले तर पाहुणे दुसरे गाव शोधतील. गावाला दुसरे डोंगर नाहीत. वनखात्याने वेळेचे आणि वाहनांचे निर्बंध घातले आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणारे डोळे तिथल्या मुलांचे असावेत असे आम्हांला वाटते.

पावसाळ्यात डोंगरावर जाण्याची जी नवी लाट आली आहे तिच्यापुढे आम्ही एक जुनी गोष्ट ठेवू इच्छितो. विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाचा नियम कसा पडला ते सांगितले आहे. भिक्खू पावसातही फिरत, कोवळे गवत तुडवीत, बारीकसारीक जीव पायाखाली येत. लोक कुरकुरू लागले, की पाखरेसुद्धा पावसात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून एका जागी राहतात, आणि हे शाक्यपुत्र मात्र हिंडतच असतात. तथागतांनी ती तक्रार योग्य मानली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. नाशिकची त्रिरश्मी लेणी दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गरजेतून कोरली गेली त्यांत ही एक मोठी गरज होती. म्हणजे आपल्या शहराच्या माथ्यावरील त्या दालनांच्या मुळाशी पाखरांचे उदाहरण आहे. आजही पावसाळा हा अनेक रानपाखरांचा विणीचा काळ असतो. जमिनीवर घरटी करणारी लावा, टिटवी, रातवा यांची अंडी चुकार पावलाखाली जातात. पावसाळ्यात डोंगर पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. मळलेली वाट सोडू नये आणि टोळीने जाऊ नये, एवढे म्हणतो.

सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेखही या संदर्भात वाचण्याजोगा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने ज्या प्राण्यांना अभय दिले त्यांची यादीच तेथे कोरली आहे. पोपट आहे, मैना आहे, हंस आहे, वटवाघूळ आहे आणि चक्रवाकही आहे. त्याच लेखात निष्कारण किंवा जीव मारण्यासाठी वन जाळू नये अशीही आज्ञा आहे. फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरांवर रात्री दिसणाऱ्या वणव्याच्या माळा पाहिल्या की ही आज्ञा किती जुनी आणि किती ताजी आहे हे कळते. राहिला चक्रवाक. मुले तो कवितेतल्या विरहापुरता ओळखतात. प्रत्यक्षात तो केशरी-तांबूस रंगाचा, भारदस्त बदक आहे. लडाख-तिबेटकडून दर हिवाळ्यात उतरतो आणि नाशिकपासून चाळीसएक किलोमीटरवर नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात दिसतो. अशोकाच्या यादीतले पाखरू मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवता येते, ही इतिहासाच्या शिक्षकाला केवढी सोय आहे!

आणि आता गिधाडे. नाशिकच्या डोंगरांत पाहण्यासारखे एकच काही निवडा असे कोणी म्हटले तर आम्ही गिधाड निवडू. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या ताशीव कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. कड्यावर चुन्याचे ओघळ दिसले की तिथे त्यांची वस्ती आहे असे समजावे. भल्या पहाटे जाऊन उपयोग नसतो. ऊन चढून दरीतली हवा तापू लागली म्हणजे नऊ-दहाच्या सुमारास ती कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता चक्रे घेत वर जातात. जोडी हिवाळ्यात एकच अंडे घालते. वर्षाला एक पिल्लू, आणि तेही जगले तर. म्हणूनच या पक्ष्याचा ऱ्हास भरून यायला पिढ्या लागतात.

१९९० नंतरच्या दीड दशकात भारतातील गिधाडे शेकडा नव्वदांहून अधिक नाहीशी झाली. कारण सापडायला वेळ लागला. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही. गिधाडे गेली तेव्हा गावाबाहेर पडलेली मढी कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने २००० ते २००५ या काळात त्यापायी देशात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावल्याचा हिशेब मांडला आहे. ज्याला आपण अशुभ म्हणून शिवी दिली तो पक्षी आपल्या दाराशी राखण करीत होता.

हरसूलजवळ खोरीपाडा येथे गावकरी आणि वनखाते यांनी मिळून गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची जागा चालवली. लोक तिला ‘गिधाडांचे उपाहारगृह’ म्हणतात. मेलेले जनावर, त्याला घातक औषध दिलेले नाही याची खात्री करून, तेथे आणून ठेवायचे. उपक्रम चांगला आहे आणि त्यातील गावकऱ्यांचे श्रेय मोठे आहे. तथापि आमच्यासारख्या शाळेतून या विषयावर बोलताना एक गोष्ट आम्हांला झाकून ठेवता येत नाही. मेलेले ढोर ओढणे हे या देशात कोणाच्या माथी मारलेले काम होते, हे आमच्या मुलांच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले; त्यानंतर गावोगाव आपल्या माणसांनी ढोरे ओढणे सोडले, आणि त्यासाठी बहिष्कार, मारहाण सोसली. निसर्गरक्षणाची पुस्तके ‘पूर्वी गावात मेलेली जनावरे उघड्यावर टाकण्याची पद्धत होती’ असे एका वाक्यात लिहून पुढे जातात. त्या पद्धतीला हात होते. ते हात कोणाचे, हे त्या वाक्यात नसते.

म्हणून गिधाडांच्या बाजूने उभे राहताना आमची एक अट आहे. जनावर त्या जागेपर्यंत नेण्याचे काम कोणत्याही जातीचे होता कामा नये. ज्याचे जनावर त्याने ते गाडीवर चढवावे, वनखात्याने वाहन आणि हातमोजे पुरवावेत, मजुरी असेल ती रोख आणि पावतीवर द्यावी, आणि पशुवैद्याने तपासणीचा कागद द्यावा. हे सगळे अवघड नाही. गिधाड वाचावे यासाठी माणसाने पुन्हा जुन्या जागी जावे, असा हिशेब मात्र आम्ही मान्य करणार नाही. आणि असा हिशेब मनात नसेल तर तो नाही असे संवर्धनवाल्यांनी उघड लिहावे. आमचा विद्यार्थी कड्याखाली उभा राहून गिधाडांची मोजणी करील, औषधाच्या दुकानात जाऊन डायक्लोफेनॅकच्या बाटल्या कोणाला विकल्या जातात हे विचारील. ढोर ओढण्यासाठी त्याला कोणी हाक मारू नये.

ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांना जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा गिधाडांच्या अधिवासाचे कारण देऊन नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी त्याला विरोध केला. आम्ही त्या विरोधाशी सहमत आहोत. म्हातारी, अपंग माणसे देवदर्शनाला कशी जातील, हा प्रश्न रास्त आहे, परंतु कड्याच्या तोंडासमोरून दोर आणि पाळणे नेणे हे त्याचे उत्तर नव्हे. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला ‘थोडा त्रास’ ही गोष्ट थोडी नसते. सिंहस्थाच्या तयारीत अशा योजनांना वेग येतो आणि मग डोंगराच्या बाजूने बोलायला वेळ उरत नाही. म्हणून आधीच बोलून ठेवतो.

पालकांचा एक आक्षेप आम्हांला वारंवार ऐकू येतो आणि तो हलका नाही. “सर, रान सुटावं म्हणून तर पोराला तुमच्याकडं धाडलं. तुम्ही त्याला परत रानातच नेता?” या प्रश्नामागे कित्येक पिढ्यांचे कष्ट आहेत. मूल डॉक्टर व्हावे, वकील व्हावे, शहरात त्याचे पक्के घर असावे, ही इच्छा कोणाही पाखरापेक्षा मोलाची आहे आणि तिच्या आड आम्ही येणार नाही. पण ज्या रानातून मूल आले त्या रानाबद्दल आता निर्णय घेणारी माणसे शिकलेली असतात: वनाधिकारी, अभियंते, अभ्यासक, पर्यटन खात्यातील अधिकारी. त्या खुर्च्यांत डोंगरातले मूल बसले पाहिजे. वनरक्षकाच्या भरतीपासून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेपर्यंत वाट आहे आणि तिच्यावर आपली मुले फार थोडी दिसतात. जो मुलगा डोळे मिटून कड्यावरील घरट्याची जागा सांगू शकतो त्याने शास्त्रज्ञाचा सामानवाहक व्हावे आणि शोधनिबंधावर नाव दुसऱ्याचे यावे, हे आणखी किती दिवस चालायचे? रान सोडण्याचा हक्क त्याला आहेच. रानाविषयी बोलण्याचा हक्कही त्याचाच असावा.

शाळेने काय करावे हे सांगून लेख संपवतो. पक्षिनिरीक्षणाची सहल काढू नये. पन्नास मुले, दोन बसगाड्या, ध्वनिवर्धक आणि वेफर्सची पाकिटे घेऊन गेलेल्या तांड्याला कावळ्याखेरीज काही दिसत नाही. आठ-आठ मुलांचे गट करावेत. त्यांत पेठ-सुरगाण्याकडची निदान दोन मुले असावीत आणि गट त्यांनीच चालवावा, शिक्षकाने मागून चालावे. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पाखराला फसवून जवळ बोलावण्याची जी पद्धत छायाचित्रकारांत बोकाळली आहे ती आमच्या मुलांनी कधीही वापरू नये. विणीच्या दिवसांत घरट्याचे छायाचित्र घेऊ नये. पहिले वर्ष शाळेच्या आवारातच घालवले तरी चालेल. तांबट, खंड्या, नाचण, कोतवाल, घार, पिंगळा एवढी पाखरे कोणत्याही वसतिगृहाभोवती असतात आणि त्यांच्यावर लिहायला वर्ष अपुरे पडते.

प्रत्येक मुलाची एक वही असावी. तारीख, वेळ, जागा, हवा, पाखरू काय करीत होते, घरचे नाव, पुस्तकातले नाव. घरच्या नावाचा रकाना आधी. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, शेपटी यांचे वर्णन लिहावे आणि जागा मोकळी सोडावी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घरी न्यावी, आजी-आजोबांना, मामा-आत्यांना विचारून मोकळ्या जागा भरून आणाव्यात, आणि सांगणाऱ्याचे नाव त्या नोंदीपुढे लिहावे. वर्षाअखेरीस सर्व वह्या ग्रंथालयात जमा व्हाव्यात आणि क्रमांक घालून कपाटात राहाव्यात. विज्ञानाच्या अंतर्गत मूल्यमापनात या वहीला गुण मिळावेत. दोन दुर्बिणींचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा अशी आमची त्यांना विनंती आहे. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा जगभर गिधाड दिन म्हणून पाळला जातो. अंजनेरीच्या पायथ्याशी पहिल्या गटाने त्या दिवशी सकाळी नऊला पोहोचावे, म्हणजे धुके फाटले तर कडा दिसेल.